सात वर्षांची घोडी आणि सुपारीएवढी गाठ

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तीन वर्षं घोड्यावर बसायला शिकतेय, आता तिला स्वतःची घोडी हवी आहे. वर्षभर शोधून एक सात वर्षांची घोडी पसंत पडली. स्वभाव इतका शांत, की मुलीने पहिल्याच दिवशी तिचे चारही खूर उचलून साफ केले. पण घोडीच्या डाव्या पुढच्या पायाला, आतल्या बाजूने, गुडघ्याच्या थोडं खाली सुपारीएवढी टणक गाठ आहे. मागच्या दोन्ही पायांच्या घोट्यांवर मऊ फुगवटेही आहेत. विकणारे म्हणतात, "जुनं आहे, काही त्रास नाही." न विचारता किंमतही थोडी उतरवली. आमच्या ओळखीचे एक अनुभवी गृहस्थ म्हणतात, पायाला डाग असलेलं जनावर दारात आणूच नका. मुलगी रोज विचारते, "ठरलं का?" आणि काल विचारलं, "मी बसले की तिला तिथे दुखत असेल का?" मला उत्तर देता आलं नाही. काय करू? (एक आई)

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा गाठीसाठी, आणि दुसऱ्यांदा त्या चार खुरांसाठी. अनोळखी मुलीच्या हातात पहिल्या दिवशी चारही पाय निमूटपणे देणारी घोडी सहजासहजी मिळत नाही. गाठीचा विचार करताना ही गोष्टही तराजूत ठेवा. माझं मत आधीच सांगून टाकते: तुम्ही जेवढं लिहिलं आहे, तेवढ्यावरून ही घोडी सोडून द्यावी असं मला वाटत नाही. पण "घेऊन टाका" असंही आज म्हणणार नाही. त्याआधी तुमची एक सकाळ आणि पशुवैद्याकडून एक नीट तपासणी व्हायला हवी.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी काळजीपोटीच सांगितलं असणार. फक्त त्यांच्या बोलण्यात डाग आणि दोष यांची गल्लत झाली आहे. डाग डोळ्याला खुपतो, चालीत उतरत नाही. दोष चालीत उतरतो, किंवा काम वाढलं की उतरणार असतो, आणि पुष्कळदा तो बाहेरून दिसतही नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एक घोडा घेतला होता. पाय असे स्वच्छ, की वरपासून खालपर्यंत हात फिरवला तरी कुठे अडायचा नाही. चौथ्या महिन्यात तो लंगडायला लागला. दुखणं खुराच्या आत होतं. पुढची दोन वर्षं मी त्याच्या सेवेत काढली. त्याच सुमाराला मी एक घोडी नाकारली होती, कारण तिच्या पायाला अगदी तुम्ही लिहिलीय तशीच गाठ होती. ती दुसऱ्या एका घरात गेली. त्या घरातली तीन मुलं एकामागून एक तिच्या पाठीवर बसायला शिकली, आणि मी तिला एकदाही लंगडताना पाहिलं नाही. ते मला आजही लागतं. म्हणून तुमच्या पत्राला एवढं लांबलचक उत्तर लिहितेय.

आता गाठीकडे येऊ. घोडेवाले हिला स्प्लिंट म्हणतात. घोड्याच्या पायात गुडघ्याच्या खाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) आणि वरून कातडी, एवढंच. मधलं जाड असतं ते नळीचं हाड. त्याच्या मागच्या अंगाला, दोन्ही कडांना, पेन्सिलीसारखी दोन बारीक हाडं चिकटलेली असतात, वर जाड आणि खाली निमुळती. घोड्याच्या फार जुन्या पूर्वजांना एकापेक्षा जास्त बोटं होती, त्यांचे हे अवशेष. बारीक हाड आणि नळी यांना बांधून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात, काम नुकतंच सुरू झालेलं असताना, तो ताणला जातो. हाडावरच्या पातळ आवरणाला सूज येते, जागा गरम होते, दाबलं की दुखते, जनावर लंगडतंही. मग शरीर तिथे नवं हाड भरतं आणि जागा पक्की करून टाकतं. दुखणं काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत जातं आणि गाठ मागे उरते. थोडक्यात, जुनी बसलेली गाठ ही शरीराने केलेली डागडुजी असते. ती आतल्या बाजूलाच जास्त का आढळते? कारण गुडघ्यावरून खाली येणारा भार आतलं बारीक हाड जास्त थेट झेलतं, आणि घोड्याच्या एकूण वजनातला सुमारे ६० टक्के भार पुढच्याच पायांवर असतो.

तुमची घोडी सात वर्षांची आहे, म्हणजे गाठ जुनी असण्याची शक्यता मोठी आहे. हीच गाठ तीन वर्षांच्या घोड्याला असती तर मी जास्त सावध झाले असते, कारण तिथे डागडुजीचं काम अजून संपलेलं नसतं. मात्र लाथ बसून किंवा दुसऱ्या पायाचा खूर लागून अशी गाठ कुठल्याही वयात येऊ शकते. त्यामुळे "जुनं आहे" हे विकणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं तरी पायाकडूनही ऐकून घ्यायचं.

त्यासाठी एका सकाळी लवकर जा. आदल्या दिवशी फोन करून सांगा, की आम्ही येईपर्यंत घोडीला बाहेर काढू नका, पट्ट्या बांधू नका, पायावर पाणी मारू नका. हे सगळीकडे रीतीला धरून आहे, प्रामाणिक माणूस याने दुखावत नाही. रात्रभर उभी असलेली घोडी मला बघायची असते, कारण थोडं चालवून आणलं की ताठरपणा मोकळा होतो, फुगवटे उतरतात आणि खरी गोष्ट झाकली जाते. तुम्ही पोचलात आणि पाय ओला दिसला, किंवा घोडी घामेजलेली दिसली, तर शांतपणे कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशी परत या.

मग पायाशी बसा. म्हणजे उकिडवं बसा, गुडघे टेकून नको. घोडी कितीही गरीब असली तरी झटकन मागे सरता आलं पाहिजे. आधी हाताची मागची बाजू गाठीवर धरा, मग बरोबर तीच जागा उजव्या पायावर. तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला उष्णतेतला फरक लवकर कळतो. दोन्ही जागा सारख्याच गार लागल्या पाहिजेत. मग अंगठ्याने गाठ दाबा, आधी हळू, मग जोर वाढवत. घोडीने पाय ओढून घेतला तर लगेच घाबरू नका. उजव्या पायावर तेवढ्याच जोराने दाबून बघा. काही घोड्या दोन्हीकडे ओढतात, त्यांना गुदगुल्या होतात. एकाच पायाला ओढते, प्रत्येक वेळी ओढते, कान मागे टाकते, तर त्या गाठीत अजून जीव आहे. बसलेली गाठ दगडासारखी लागते. तिच्या कडा ठळक असतात, वरची कातडी तिच्यावरून मोकळी सरकते, आणि तुम्ही दाबत असता तेव्हा घोडी गवताकडे बघत असते.

आता एवढ्यावर थांबू नका, कारण गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. नळीच्या बाजूला, पुढच्या अंगाला असलेली मोठी गाठ बिनधोक असू शकते, आणि मागच्या अंगाला वळलेली हरभऱ्याएवढी गाठ आयुष्यभर सतावू शकते. नळीच्या लगेच मागे, त्या दोन बारीक हाडांच्या मधल्या खोबणीतून, घोट्याला तोलून धरणारा एक जाड अस्थिबंध जातो. पशुवैद्य त्याला सस्पेन्सरी लिगामेंट म्हणतात. गाठ मागे वाढून त्याला घासत असेल, तर प्रत्येक पावलाला तिथे चोळामोळा होणार. हे तुम्हालाही काही प्रमाणात तपासता येतं. कुणाला तरी तो पाय उचलून गुडघ्यात दुमडून धरायला सांगा. पायावरचा भार गेला की मागचे बंध सैल पडतात. एका हाताच्या बोटांनी त्यांना थोडं बाजूला सारा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा गाठीच्या मागच्या कडेवर वरून खाली फिरवा. कड बाजूलाच संपते का, की खोबणीत आत शिरते? आत शिरल्यासारखी वाटली, किंवा बंध गाठीला चिकटल्यासारखा वाटला, तर ही शंका पशुवैद्याला शब्दाशब्दाने सांगा. तसंच वर गुडघ्याच्या सांध्याकडे बघा. तुम्ही "गुडघ्याच्या थोडं खाली" लिहिलं आहे, हे "थोडं" किती आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. सांध्याची कड आणि गाठ यांच्यात सपाट हाड हाताला लागलं तर बरं. गाठ सांध्याला भिडलेली वाटली, तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जाता जाता एक सांगते. अंगठा तसाच खाली नेलात तर नळीच्या वरच्या टोकापासून साधारण दोन तृतीयांश अंतर खाली प्रत्येक पायाला एक छोटं बटण लागेल. ते त्या बारीक हाडाचं खालचं टोक आहे, सगळ्या घोड्यांना असतं. "इथेही गाठ आहे!" म्हणून घाबरून फोन करणारे मला दरवर्षी भेटतात.

आणखी एक प्रश्न लोक विचारतच नाहीत: गाठ झाली कशामुळे? घोडीला तुमच्याकडे सरळ चालत आणायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. गुडघ्याखालची नळी गुडघ्याच्या मधोमध खाली उतरते, की बाहेरच्या बाजूला सरकल्यासारखी दिसते? सरकलेली असेल तर आतल्या बाजूवर कायम जास्त भार पडतो. पावलं टाकताना एक खूर दुसऱ्या पायाला चाटून जातो का? घोट्यांच्या आतल्या बाजूला केस घासलेले किंवा जखमेच्या बारीक खुणा आहेत का? पाय पायाला लागत असेल तर गाठीवर पुन्हापुन्हा मार बसणार आणि बसलेली गाठ परत जागी होणार. यावर इलाज आहे. चांगला नालबंद खुरांचा तोल सांभाळतो, आणि कामाच्या वेळी पायाला संरक्षक बूट घालता येतात. पण हे दर सहा ते आठ आठवड्यांचं, कायमचं काम आहे, ते धरून हिशेब करा.

मागच्या घोट्यांवरच्या मऊ फुगवट्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. इंग्रजी बोलणारे घोडेवाले त्यांना विंडगॉल म्हणतात, पण आत वारा नसतो, सांध्याचं किंवा कंडरेच्या पिशवीचं वंगण साठलेलं असतं. दोन्ही पायांना सारखे, गार, न दुखणारे, रात्री उभं राहून वाढणारे आणि चालवल्यावर कमी होणारे फुगवटे काम केलेल्या कितीतरी घोड्यांना असतात. एकाच पायाला असते, किंवा एक दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असता, तर गोष्ट वेगळी. फुगवटा घोट्याच्या मागे कंडरेच्या बाजूला आहे आणि मधोमध दोरी आवळल्यासारखी खाच दिसते, असं असेल तर मात्र पशुवैद्याला ती जागा मुद्दाम दाखवा.

आता चाल. घोडा घेताना सगळे पळवून बघतात, आणि तिथेच चुकतात. चौखूर उधळलेल्या घोड्याचं लंगडणं ओळखणं फार कठीण. दुडकीत ते उघडं पडतं, कारण दुडकीत तिरपे समोरासमोरचे दोन पाय, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, एकदम पडतात आणि ताल ठाम दोनचा असतो. सपाट, कठीण जमिनीवर, दोरी सैल सोडून, सरळ रेषेत तुमच्यापासून दूर नि परत तुमच्याकडे दुडकत आणायला सांगा. दोरी सैल हवी, यावर अडून बसा. आखूड दोरीने डोकं धरून ठेवलं तर तुम्हाला जे बघायचंय तेच दाबून टाकलं जातं. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना घोडी डोकं वर उचलते आणि चांगला पाय टेकताना मान खाली टाकते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. एकदा बघून झालं की डोळे मिटा आणि नुसतं ऐका. टप-टप, टप-टप, सारख्या वजनाचं, सारख्या अंतराचं. एक ठोका हलका पडत असेल किंवा जरा लवकर येत असेल तर कानाला तो डोळ्यांच्या आधी कळतो. माझी मान आता पूर्वीसारखी वळत नाही, डोळ्यांनाही चष्मा आहे, पण दुडकीचा ठोका अजून मला फसवत नाही.

मग लांब दोरीवर गोल फिरवून बघा, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही दिशांनी, आधी कठीण जमिनीवर आणि मग भुसभुशीत मातीत. हाडाचं, सांध्याचं किंवा खुराचं दुखणं बहुधा कठीण जमिनीवर जास्त जाणवतं. कंडरा आणि अस्थिबंधाचं दुखणं मऊ, खोल मातीत वर येतं. तुमच्या गाठीच्या बाबतीत ही दुसरी परीक्षा विसरू नका, कारण बंधाला घासणारी गाठ कडक अंगणात गप्प बसू शकते.

गाठीवर एवढी नजर खिळलेली असते, की बाकीचे पाय बघायचे राहून जातात. मला खरी भीती कशाची वाटते ते सांगते. नळीच्या मागच्या कंडरेचा बाक. बाजूने पाहिलं तर ती ओळ ताणलेल्या दोरीसारखी सरळ दिसली पाहिजे. धनुष्यासारखी मागे फुगलेली दिसली तर ती कंडरा एकदा फाटून भरली आहे. भरायला नऊ महिने, वर्ष सहज लागतं, आणि भरलेला भाग पहिल्याइतका लवचीक कधीच होत नाही. शांत चालीच्या कामाला असा घोडा वर्षानुवर्षं चालतो, पण उडी आणि वेगाच्या कामात परत फाटण्याची शक्यता कायम राहते. दुसरं, घोटा आणि खूर यांच्यामधल्या आखूड भागावर पुढून, बांगडीसारखी हाडाची वाढ. ती सांध्यातली असेल तर तो दोषच. तिसरं, त्याच भागाच्या मागे दोन्ही बाजूंना जुळ्या, बारीक कापल्याच्या खुणा. कधी कधी खुराच्या दुखण्याची जाणीवच जावी म्हणून तिथली नस कापलेली असते, आणि पाय न जाणवणाऱ्या घोड्यावर मूल बसवायचं नसतं. आणि चौथं, खास तुमच्या मुलीसाठी: दोन्ही गुडघ्यांच्या समोर व्रण किंवा पांढरे केस आहेत का बघा. तसे असतील तर घोडी कधीतरी तोंडावर पडलेली असण्याची शक्यता मोठी. एकदाच पडली की अडखळायची सवयच आहे, हे खोदून विचारा. सुपारीएवढ्या गाठीने मूल पडत नाही, अडखळणाऱ्या घोडीवरून पडतं.

खूरही शेजारी शेजारी ठेवून बघा. पुढच्या दोन खुरांपैकी एक अरुंद आणि उभा, दुसरा पसरट असेल, तर अरुंद खुराचा पाय बरेच दिवस जपून टाकला जात असण्याची शक्यता आहे. पुढच्या पायाच्या लंगडण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरातच सापडतं, हे मी तो स्वच्छ पायांचा घोडा घेऊन शिकले.

हे सगळं ठीक वाटलं की मग पशुवैद्य. तुम्ही स्वतः निवडलेले, तुम्ही पैसे दिलेले, घोड्यांचंच काम करणारे. विकणाऱ्यांचे नेहमीचे डॉक्टर कितीही भले असले तरी या कामाला नकोत. त्यांचीही अडचण होते. तुमच्या डॉक्टरांना आधी सांगा, की १४ वर्षांची मुलगी बसणार, शिकणार, पुढे छोट्या उड्या मारणार. कारण डॉक्टर घोडीला पास-नापास करत नाहीत. या कामासाठी जोखीम किती आहे, एवढं सांगतात. शर्यतीला नको म्हणतील ती घोडी तुमच्या कामाला उत्तम असू शकते. गाठीचा एक्स-रे काढून घ्या. कड गुळगुळीत दिसली तर गाठ बसलेली आहे. धूसर, खडबडीत दिसली तर अजून घडामोड चालू आहे. आणि बारीक हाड कधी मोडलं होतं का, तेही कळतं. मागच्या अस्थिबंधासाठी सोनोग्राफी लागते, एक्स-रेत तो नीट दिसत नाही. पाय मिनिटभर दुमडून धरतात आणि सोडल्यावर लगेच दुडकायला लावतात, तीही परीक्षा होईल. त्यात दोनचार पावलं ताठ पडली म्हणून धीर सोडू नका. निरोगी घोडेही कधी तसं करतात. दोन्ही पायांत फरक किती आणि तो किती पावलं टिकतो, हे डॉक्टरांना विचारा.

रक्ताचा नमुना घेऊन ठेवायला सांगा. फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक दिलेली लंगडी घोडी खरेदीच्या दिवशी सुरेख दुडकते. नमुना जपून ठेवला असेल तर नंतर शंका आल्यावर तपासता येतो. बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही, पण नमुना घेणार आहोत हे आधी कळवल्याने बरेच प्रश्न आपोआप सुटतात. आणि विकणारे तपासणीलाच नको म्हणाले, किंवा "माझा शब्द पुरे नाही का?" असं भावनेवर घेऊ लागले, तर घोडं कुठे पेंड खातंय ते तुम्हाला कळेल. तिथून नमस्कार करून निघा, मुलगी रडली तरी.

किंमतीबद्दल तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण ओळींमधून दिसतंय. न विचारता किंमत उतरवली म्हणून संशय आलाय ना? तो असावा, पण तेवढ्यावरून माणसाला खोटं ठरवू नका. गाठ असलेला घोडा विकायला वेळ लागतो, हे त्यांनाही माहीत आहे. तुम्ही पुढे कधी विकायला काढाल तेव्हा समोरचा माणूस याच गाठीवर बोट ठेवणार, म्हणून थोडी सवलत घेणं रास्त आहे. पण सवलतीच्या मोहाने शंका गिळू नका. लंगड्या घोड्याला चंदी, गवत, नाल आणि तबेला तेवढाच लागतो, आणि खरेदीत वाचलेले पैसे पहिल्याच वर्षी डॉक्टरांकडे जातात. किंमतीपेक्षा मी कागदावर भर देईन. खरेदीखतात गाठीची जागा, तिची अवस्था, घोडी शेवटची कधी लंगडली होती याबद्दल विकणाऱ्यांचं म्हणणं आणि तपासणीच्या दिवशी कोणतंही वेदनाशामक दिलेलं नव्हतं, असं लिहून त्यांची सही घ्या. काही दिवस घरी नेऊन बघायची मुभा मागा. मिळाली तर सोन्याहून पिवळं. विमा उतरवणार असाल तर तो पाय वगळला जाईल का, हे खरेदीच्या आधी विचारा.

घोडी घरी आली, तर पहिल्याच दिवशी त्या पायाचे चारही बाजूंनी फोटो काढा, गाठीशेजारी मोजपट्टी धरून. एक्स-रेची प्रत त्याच पाकिटात ठेवा. वर्षभराने "ही वाढली का हो?" असं वाटेल, नक्की वाटेल, तेव्हा आठवणीवर भांडायची वेळ येणार नाही. पहिले काही आठवडे काम हळूहळू वाढवा, कठीण रस्त्यावर लांब दुडकी टाळा. आणि गाठ विरघळवणारं मलम, चरका देणारं औषध, तापलेल्या लोखंडाने डाग देणं, यातलं काहीही कुणी सुचवलं तर हात जोडा. बसलेल्या गाठीला आग लावून ती जात नाही, जनावराला नुसता जाच होतो. शस्त्रक्रियेने काढायचीही, निव्वळ दिसण्यासाठी, गरज नाही. काही वेळा काढलेल्या जागी परत हाड वाढतं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. गाठ गार असेल, दाबल्यावर घोडी पाय ओढत नसेल आणि बंधाला लागत नसेल, तर तिला तिथे दुखत नाही. मुलगी पाठीवर बसली म्हणून दुखायला लागणारही नाही. पण हे तुम्ही तोंडी सांगू नका. त्या सकाळी तिला बरोबर न्या, पायाशी तुमच्या शेजारी उकिडवं बसवा आणि हाताची पाठ आधी गाठीवर, मग दुसऱ्या पायावर धरायला लावा. घोडी घरी आली तर हेच काम रोज सकाळी खरारा करायच्या आधी तिच्याकडे सोपवा: चारही पायांवरून वरून खालपर्यंत हात, काही गरम लागतंय का, काही नवं लागतंय का. महिनाभरात तिचा हात तुमच्या ओळखीच्या गृहस्थांपेक्षा त्या पायाला जास्त ओळखू लागेल.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला जरूर कळवा. एक्स-रेत मागच्या कडेबद्दल काय लिहिलंय, ते वाक्य जसंच्या तसं उतरवून पाठवा.